गडगा

सेटल नावाच्या गावात राहते मी,
आणि अजून सेटल झालेले नाही.
हा विनोद पहिल्या वर्षी सगळ्यांना ऐकवला.
इथे तो कुणाला कळायचा नाही
आणि फोनवर आईला सांगितला
की ती गप्प व्हायची.

क्लिफर्ड मेटकाफ, वय एकाहत्तर.
चेहरा नीट पाहिलाच नव्हता, हात पाहिला.
स्किप्टनच्या एक्स-रे खोलीत, पडद्यावर:
करंगळी दोनदा मोडून वाकडीच जुळलेली,
अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजून
हाडावर हाड.
दुखतं का, विचारलं.
थांबलो की दुखतं, म्हणाला,
आणि टोपी विसरून गेला.

फेब्रुवारीत बर्फ वितळलं,
टेकडीवरची भिंत चाळीस वार आडवी झाली.
मेंढरं त्या खिंडारातून ये-जा करू लागली
जणू तिथे कधी काही नव्हतंच.
मग एका सकाळी बसच्या खिडकीतून
तो हात दिसला. वाकडी करंगळी, इतक्या लांबून.
(खरं तर टोपी नसलेलं डोकं दिसलं.
करंगळी मी मनाने जोडली.)

चुना नाही, सिमेंट नाही,
दगडावर नुसता दगड.
अरे, हा तर गडगा!
मी मोठ्याने म्हणाले,
आणि शेजारच्या बाईला वाटलं
मी शिंकले.

शनिवारी टोपी द्यायला गेले.
तारेचं कुंपण एका दिवसात झालं असतं, मी म्हटलं.
झालं असतं, तो म्हणाला.
उचललेला दगड तो परत खाली ठेवत नाही.
फिरवतो, कुशीवर घेतो, पालथा करतो,
जागा सापडेपर्यंत हातातच.
दोन्ही बाजूंच्या मधल्या पोकळीत
बारीक तुकडे एकेक करून बसवतो,
ओतत नाही.
ते तर कुणाला दिसतसुद्धा नाहीत, मी म्हटलं.
तो थर्मासचं झाकण शोधत होता.

मी किती दगड उचलून खाली ठेवले
ते त्याला सांगितलं नाही.
दोनदा नापास झालेली परीक्षा,
तिसऱ्यांदा न भरलेला फॉर्म,
सायकल, पोहण्याचा क्लास,
गुजराती मैत्रिणीकडून अर्धवट शिकलेला उंधियो.

दिवसाला दोन वार. पावसात एक.
गोठलं की काहीच नाही.
बसमधून मी मोजत राहिले:
सोमवारी काटेरी झुडपापर्यंत,
गुरुवारीही झुडपापर्यंतच.
एप्रिलमध्ये भिंतीला पोट सुटलं.
मला दिसलं नव्हतं, कुणालाच दिसलं नसतं,
पण सात दिवसांचं काम
त्याने स्वतःच्या हाताने उतरवलं,
दगड गवतावर ओळीने मांडले
आणि खालून सुरुवात केली.
त्या दिवशी माझा स्टॉप चुकला.

जूनमध्ये भिंत पुरी झाली.
बघायला कुणी आलं नाही.
तळाशी सशापुरतं एक भोक ठेवलंय,
पाणी जायला, किंवा सशालाच, विचारायचं राहिलं.
आता तो दुसऱ्या कुणाच्या तरी पडझडीवर आहे,
मल्हमच्या बाजूला, असं ऐकते.
हात दाखवायला परत आलेला नाही.

काल रात्री पुस्तक काढलं,
मनगटाचं प्रकरण.
दोन्ही वेळा ह्याच पानावर आपटले होते.
आठ हाडं,
ओबडधोबड, एकासारखं दुसरं नाही,
एकमेकांत अडकून
चुन्याशिवाय उभी.

पहिलं हाड घेतलं.
फिरवलं, कुशीवर घेतलं, पालथं केलं.
चहा निवला.
अजून हातातच आहे.